डार्टच्या संगमावर

गेल्या ज्येष्ठांत आम्ही पुतण्याकडे इंग्लंडांत गेलों असतां त्यानें आम्हांस डेव्हन परगण्यांतील डार्टमूरचा माळ दाखविला. पूर्व व पश्चिम डार्ट या दोन प्रवाहांचा जेथें संगम होतो, त्या डार्टमीट येथें आम्ही उभयतां एका शिलेवर बसलों. वर्षापूर्वीं त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, अस्थी नाशिकास रामकुंडांत सोडतांना दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता.

त्यानें ॲलिस ऑस्वाल्ड या कवयित्रीचें ‘डार्ट’ हें २००२ सालचें दीर्घकाव्य आमच्या हातीं दिलें. नदीकांठच्या कामकऱ्यांशीं व कोळ्यांशीं झालेलीं संभाषणें ध्वनिमुद्रित करून तिनें तीं गद्यपद्यांत गुंफिलीं आहेत. कोण बोलतो तें समासांतील टिपणांवरून कळतें. बुडून मेलेलेही तेथें जिवंतांच्या शेजारीं बोलतात. सारे आवाज मिळून एका नदीचेच होतात.

प्रथम हा प्रकार आम्हांस विक्षिप्त वाटला. परंतु त्या दोन प्रवाहांकडे पाहतां पाहतां उमगलें कीं, शोक एकट्यानेंच वाहावा असें नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर वहिनींजवळ बसलों आणि वर्षभर घरांत टाळलेलें दादांचें नांव काढलें. वहिनी बोलूं लागल्या, मागोमाग मुलेंही.