दोन स्पीकर आणि तीन कान

'रिसीव्हर' म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर काळ्या टेलिफोनचा, कानाला लावायचा तो जड दांडा येतो. सध्या आमच्या घरात चर्चा चालू आहे ती वेगळ्याच रिसीव्हरची. अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एका पेटीत बसवले की त्याला रिसीव्हर म्हणतात. रेकॉर्ड-प्लेयर, सीडी, मोबाइल, जे काय असेल ते या पेटीला जोडायचं आणि पेटीतून तारा स्पीकरकडे न्यायच्या. एवढं साधं प्रकरण, पण निवडण्यात दोन महिने गेले.

गरज का पडली ते सांगतो. थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनींनी त्यांच्या दीडेकशे एल.पी. आमच्याकडे पाठवून दिल्या. "तुम्ही दोघं तरी ऐकाल," म्हणाल्या. हिराबाई बडोदेकर, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, शिवाय नाट्यगीतं. आणि नेमका त्याच सुमारास आमच्या सौ.च्या उजव्या कानाने संप पुकारला. तपासण्या झाल्या. तो कान आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डावा चालतोय, पण वयाप्रमाणे तोही थकणारच. म्हणजे जे काही ऐकायचं ते आत्ता. "थांबा, दिवाळीत सवलती येतील" हा सल्ला म्हणूनच मला मानवत नाही.

चिरंजीव अमेरिकेतून म्हणाले, "बाबा, इकडून ७.२ चा पाठवतो." (म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफर. आमचा हॉल बारा बाय दहा. पाहुणे आले तर बसवायचे कुठे?) पण खरी अडचण वेगळी. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, तो जड असतो आणि तापतोही. शिवाय तिकडे मध्यम लहरींवरची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. पुणे केंद्राचा ७९२ हा आकडा आमच्या पिढीला पाठ. दहा-दहाच्या ढांगा टाकणारं यंत्र ७९० वर थांबणार नाहीतर ८०० वर!

मग तपकीर गल्लीत चकरा सुरू केल्या. तिथे पहिला प्रश्न: "काका, किती वॉट?" १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ १००० वॉट' असली चिकटपट्टी असायची, ती आठवते ना? तो आकडा क्षणभराच्या फुगवट्याचा. पाहायचा तो 'आरएमएस' वॉटचा आकडा, सतत मिळणारा. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून दिली आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर सुमारे दहापट वॉट लागतात. हॉलमध्ये आपण बसून ऐकतो तेव्हा दोन-तीन वॉटसुद्धा खर्च होत नाहीत. तेव्हा पन्नास की ऐंशी, या वादात पैसे घालवण्यात अर्थ नाही. पाच-सात वाहिन्यांच्या पेटीतही तेच. तेवढ्याच पैशात चित्राची सर्किटं आणि चार जादा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे, तर कुठेतरी हात आखडणारच. आणि तिचा मेनू टीव्हीच्या पडद्यावर उघडतो. गाणं ऐकायला टीव्ही लावायचा, हे आमच्या सौ.ला अजिबात मान्य नाही.

आता मुख्य गोष्ट, कानांची. साठच्या दशकापर्यंतच्या पुष्कळशा तबकड्या मोनो आहेत. बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्यांवरून पुढे काढलेल्या एल.पी. तर मुळातच मोनो. मोनोत दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. म्हणजे एका कानाने ऐकणाऱ्याचं काही हुकत नाही, कुठेही बसा. स्टीरिओत मात्र तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला असेल, तर बंद कानाच्या बाजूचा आवाज डोक्याच्या आडोशाने बोथट होतो. त्यावर उपाय आहेत. स्पीकर जवळजवळ ठेवायचे, खुर्ची किंचित वळवायची, बॅलन्स सरकवायचा. मोबाइलवरून लावलं तर सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' मिळतं. वयाने कान आधी वरच्या पट्टीचे सूर सोडतो, माझेही सोडू लागलेत. तेव्हा ट्रेबल वाढवता येणं महत्त्वाचं. 'शुद्ध' आवाजवाले या बटणांना नाकं मुरडतात. मुरडू देत.

हे सगळं धरून यामाहाच्या आर-एस२०२ वर येऊन थांबलो आहे. दोनच वाहिन्या, एफएम रेडिओ, ब्लूटूथ, बजेटमध्ये बसणारा. रेकॉर्ड-प्लेयरसाठी वेगळी फोनो जोडणी त्यात नाही. सुईतून निघणारा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो, सीडीचा मात्र दोनेक व्होल्ट. शिवाय तबकडी कोरताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त करून ठेवलेले असतात, ते वाजवताना उलट करावे लागतात. हे काम करणारी छोटी फोनो प्रीअँपची डबी वेगळी घ्यायची. ती मागवली आहे.

या पेटीला 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन जोड्या लागतात. सौ.ने लगेच दुसरी जोडी स्वयंपाकघरासाठी राखून ठेवली. मी तिला ओमचं गणित सांगितलं. आठ ओमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की भार चार ओमचा होतो, पेटीच्या मागे किमान किती लिहिलंय ते पाहावं लागतं, नाहीतर एका वेळी एकच जोडी लावायची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी पोळ्या करत असेन तेव्हा 'बी' लावा. हॉलमध्ये बसून पेपर वाचायला तुम्हाला 'ए' कशाला हवा?"

स्वयंपाकघरातले स्पीकर ओट्याच्या डाव्या हाताला लावायचे ठरले आहेत. सुताराला परवा बोलावलंय.