हिवाळ्याच्या मापाने

स्वित्झर्लंड म्हटलं की हिरवंगार कुरण डोळ्यांपुढे येतं. टोर्बेलची हिरवळ मात्र कष्टाने कमावलेली आहे. वॅले प्रांतात, फिस्पा नदीच्या खोऱ्यावर सुमारे १५०० मीटर उंचीवर हे गाव उताराला बिलगून आहे. भोवतालच्या उंच रांगा पावसाचे ढग अडवतात आणि उन्हाळ्यात उतार सुकतो. म्हणून गावकऱ्यांनी डोंगराच्या कडेकडेने पाट काढले आणि बर्फाचं पाणी पाळीपाळीने गवताला दिलं. पाणी असेल तर चारा, चारा असेल तर गाय, गाय असेल तर चीज. गावाचं सगळं गणित एवढंच.

या गणिताचे कागद शिल्लक आहेत. १४८३ सालच्या लॅटिन दस्तऐवजाने गायरान, जंगल आणि पडीक जमिनीची व्यवस्था लावण्यासाठी गावाचा संघ उभा राहिला. १५१७ चा नियम तर मला थक्क करतो: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वरच्या गायरानावर सोडायच्या. पैसेवाल्याने उन्हाळ्यापुरती जनावरं विकत आणून गायरान ओरबाडायची सोयच राहिली नाही. हिवाळ्याइतका निःपक्षपाती पंच कुठून आणणार? नियम मोडणाऱ्याला दंड होई आणि त्यातला अर्धा दंड बसवणाऱ्या गावकामगाराला मिळे.

लाकडाची वाटणी त्याहून देखणी. वनपाल तोडायच्या झाडांवर खुणा करी. घरोघरची माणसं मिळून झाडं तोडत, ओंडके ओढून आणत, सारख्या राशी रचत आणि मग चिठ्ठ्या टाकत. आपल्या वाट्याला कोणती रास येणार हे रचणाऱ्याला ठाऊक नसे.

सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे, असं परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं, तेव्हा टोर्बेलचा गायींचा नियम साडेचारशे वर्षांचा झाला होता. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी इथे राहून या गावाचा अभ्यास केला. सामाईक संपत्ती लोक स्वतः सांभाळू शकतात हे दाखवताना राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात त्या अभ्यासाचा आधार घेतला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या शिस्तीची किंमतही मोठी होती. बाहेरच्याने गावात जमीन घेतली, तरी गायरानावर हक्क मिळत नसे. वडिलांची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई, तुकडे उतारभर विखुरत. लग्नं उशिरा होत, काहींची होतच नसत, काही गाव सोडून जात. गायरान टिकलं त्यात या बिनलग्नाच्या आणि गाव सोडलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे, आणि चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वहीत त्यांची नोंद इतरांपेक्षा एका ओळीने तरी कमीच आहे.