प्लेटमागचा गडी

क्रिकेटच्या बॅटा, व्हॉलीबॉलची जाळी आणि भाला-थाळीच्या गर्दीतही हा गडी चटकन ओळखू येतो. कळमनुरीतल्या एका शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत मी त्याला पाहिला. तपकिरी चामड्याचा, गोल, फुगीर. अंगठा तेवढा वेगळा, बाकी बोटं नाहीतच; सगळा एकसंध. कडेने जाड भरण, मधोमध खळगा, अंगठ्यालगत चामडी वाद्यांची विणलेली जाळी. मनगटापाशी शिवण उसवलेली होती, तिथे चप्पल दुरुस्तीवाल्याकडून जाड मेणदोऱ्याचे टाके घालून घेतलेले. पोरं त्याला ‘कॅचर ग्लोज’ म्हणतात. बेसबॉलच्या मुलखात त्याचं नाव मिट.

शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, म्हणून हा इतक्या आत, हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या गावापर्यंत पोचला. संघ नऊ जणांचा. आठ जण होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेकडे, तोंड करून उभे. हा ज्याच्या हातात असतो तो एकटाच प्लेटमागे उकिडवा बसून त्या आठांकडे बघत असतो. कुणाची जागा चुकली, पहिल्या बेसवरचा धावपटू कधी सुटायच्या बेतात आहे, पिचरचा खांदा दमलाय का, हे सगळं आधी त्याला दिसतं. पुढचा चेंडू कसला टाकायचा याची खूणही तोच मांड्यांच्या आडून बोटांनी करतो. टाकणारा पिचर, पण बहुतेक वेळा ठरवणारा प्लेटमागचा कॅचर.

नवा असतो तेव्हा हा शिळ्या भाकरीसारखा ताठ, मिटता मिटत नाही. खळग्यात चेंडू ठेवून, वर पट्टा आवळून, रात्र रात्र ठेवावा लागतो. किंचित तेल चोळावं लागतं. मराठवाड्यातला उन्हाळा त्याचं चामडं कडक करतो, पावसाळा बुरशी आणतो. जपला तरच तो हाताचा होतो. मैदानावर आठवीतलं एक पोरगं तो काढून तळहात झटकत होतं.

“तळहात आगआग करायलाय, सर.”

“जाळीत घे की रे. तळहातावर कशाला घ्यायलास?”

पुढचा चेंडू जाळीच्या बुडाशी, खळग्यात बसला. ‘थाप’ असा भरीव आवाज आला. पोरानं हात झटकला नाही.

याच्या जन्माआधी कॅचर उघड्या हातांनी चेंडू अडवत. बोटं मोडणं हा रोजचाच भाग होता. 1870च्या दशकात हार्वर्डच्या फ्रेड थेअरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरचा मास्क बनवला. गादीदार मिट 1880च्या दशकात आलं. 1907मध्ये रॉजर ब्रेस्नहान नडगीवर पॅड बांधून मैदानात उतरला तेव्हा लोक हसले. अंग झाकणं भित्रेपणाचं मानलं जाई. पुढे 1960च्या दशकात एका हाताने मिटणारं मिट आलं, जॉनी बेंच या कॅचरने ते रुजवलं, आणि उघड्या उजव्या हाताला पाठीमागे दडता आलं. डावखुऱ्याला मात्र याच्याकडे थारा नाही. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये डावखुरा कॅचर शेवटचा दिसला तो 1989 साली, बेनी डिस्टेफानो.

याच्या नोकरीसारखी खडतर नोकरी मैदानात दुसरी नाही. एका सामन्यात शंभरावर वेळा उठबस. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू. चोरटी धाव घेणाऱ्याला बाद करायचं तर चेंडू मिटमध्ये पडल्यापासून साधारण दोन सेकंदांत 127 फुटांवरच्या दुसऱ्या बेसवर पोचला पाहिजे. गुडघे आधी जातात, मग कंबर. तरीही इव्हान रॉड्रिगेझ 1991 ते 2011 या काळात 2,427 सामने प्लेटमागे बसला. जॉश गिब्सनही कॅचरच, पण काळा म्हणून त्याला मेजर लीगचं दार कधी उघडलं नाही. 1947च्या जानेवारीत, अवघ्या 35 व्या वर्षी तो गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू त्या दारातून आत शिरला. 2024मध्ये काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगची आकडेवारी मेजर लीगच्या नोंदींत धरली गेली, तेव्हा कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीत हाच कॅचर सगळ्यांच्या वर निघाला. मला हा न्याय फार उशिराचा वाटतो.

1956च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्यात पिचर डॉन लार्सनने एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही. इतिहासात नाव लार्सनचं. त्याचा प्रत्येक चेंडू ज्याने घेतला तो योगी बेरा. आपल्याकडेही तसंच. जानेवारी 1988, मद्रास कसोटी, वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात नरेंद्र हिरवाणीचे 16 बळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असायचं. त्याच सामन्यात किरण मोरेने सहा यष्टिचीत केले, त्यातले पाच एकाच डावात, हे किती जणांना सांगता येईल? मुंबईच्या नरेन ताम्हाणेंनी 21 कसोटींत 51 बळींना हात लावला, त्यातले 16 यष्टिचीत. कीपरचे ग्लोव्ह्ज आणि हे मिट चुलतभाऊच. दोघांच्या वाट्याला सुटलेल्या चेंडूची आठवण तेवढी येते.

2008मध्ये भारतात वेगवान फेकणारे हात शोधायची मोठी स्पर्धा झाली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन पोरं थेट पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत गेली. शोध टाकणाऱ्यांचा होता. घेणाऱ्यांचा शोध कुणी घेतला नाही. खरं तर बेसबॉलचा नियम याच्या बाजूने आहे. तिसरा स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाला बाद करणारा चेंडू, मिटमधून निसटला, तर पहिला बेस मोकळा असताना फलंदाज बाद न होता धावत सुटू शकतो. पिचरचं काम हा मिटल्यावरच पुरं होतं, आणि अधिकृत नोंदीत तो बाद कॅचरच्या नावावर पडतो.

आमच्याकडे मात्र जे पोरगं जड, पळायला मंद, त्याला मागे बसवायची रीत आहे. ती चूक आहे. तिथे वर्गातलं सगळ्यात सावध, सगळ्यांशी बोलणारं पोरगं किंवा पोरगी हवी. आणि गुरुजनांना एक विनंती: यंदा स्पर्धेसाठी पैसे हातात आले की आधी मास्क, छातीचं पॅड आणि एक चांगलं मिट घ्या, गणवेशाचं नंतर बघू. मास्कशिवाय कुणाच्याही लेकराला प्लेटमागे बसवू नका.