पुन्हा पाटीवर

बदलीच्या नोकरीत माणसाला एक विद्या आपोआप साध्य होते, ती म्हणजे सामान कमी करण्याची. पहिल्या बदलीला पोळपाट-लाटण्यापासून गणपतीच्या मखरापर्यंत सारे काही बांधून नेणारा गृहस्थ पाचव्या बदलीला चार खोक्यांवर येतो. माझ्या बाबतीत हा क्रम घराची वेस ओलांडून कचेरीतही शिरला, आणि भोपाळहून शिलाँगला रुजू झालो तेव्हा मी लॅपटॉपलाच रजा दिली. त्याच्या जागी टॅब्लेट घेतला. लॅपटॉप, त्याचा विद्युतभारक आणि ती उंदराच्या शेपटीसारखी वायर मिळून दोन-अडीच किलोचे ओझे होई. टॅब्लेट अर्ध्या किलोचा. डोंगरातल्या दौऱ्यावर निघणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या खांद्याला हा फरक किती मोठा, ते खांद्यालाच विचारावे!

या निवडीला सरकारी आधारही होता. २०२३ च्या जुलैत केंद्राच्या व्यय विभागाने एक ज्ञापन काढून अधिकाऱ्यांना कामाचे यंत्र घेण्याची मुभा दिली, आणि त्यात लॅपटॉप व टॅब्लेट यांना एकाच पंक्तीस बसविले. शिवाय २०२१ सालचा अर्थसंकल्प खुद्द अर्थमंत्र्यांनी संसदेत टॅब्लेटवरून वाचला होता, तोही तांबड्या वेष्टनात, वहीखात्याच्या थाटात. जे यंत्र देशाच्या जमाखर्चाला पुरते ते माझ्या प्रवासभत्त्यांच्या बिलांना का पुरू नये, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. बिनतोड युक्तिवाद मनाशी केले की पुढे बहुधा फजिती ठरलेली असते, हा अनुभव मला त्या वेळी आठवला नाही.

पहिले काही आठवडे मात्र मी नव्या नवरदेवासारखा खुशीत होतो. शिलाँगहून तुरा सुमारे तीनशे किलोमीटर. त्या दिवसभराच्या प्रवासात पूर्वी मी झोपा काढीत असे किंवा झोप येत नाही म्हणून चालकाशी निरर्थक गप्पा मारीत असे. आता मांडीवर टॅब्लेट ठेवून अहवाल वाचू लागलो. लॅपटॉपच्या नावात मांडी आहे खरी, परंतु मांडीवर तो कधी नीट बसत नाही. त्याला मेज लागते आणि खुर्ची लागते. लहान मूल जसे परक्याच्या मांडीवर अवघडते तसा तो अवघडतो. टॅब्लेटचे तसे नाही. तो पुस्तकासारखा उभा धरावा, आडवा धरावा, उशीला टेकवून ठेवावा. दहा तासपर्यंत त्याला विजेची आठवण येत नाही. एखाद्या तालुक्याच्या कचेरीत जुने नोंदवहीचे पान दिसले की त्याच यंत्राने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तिथल्या तिथे समासात लिहावे.

लिहावे! हीच तर खरी मौज होती. गेली वीस वर्षे माझे अक्षर फक्त सहीपुरते उरले होते. कळफलक आला आणि वळण गेले. आता काचेवर टेकायची ती लेखणी हाती आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातून उमटला तो अहवालावरचा शेरा नव्हे, तर 'श्री' उमटला. खाली दोन रेघा ओढल्या गेल्या. आमच्या वडिलांनी मला पाटीवर हेच गिरवून घेतले होते. ते तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे अक्षर असे की जुने पक्षकार अर्जाची नक्कल त्यांच्याच हातची मागत. थुंकी लावून पाटी पुसली तर सरस्वतीचा अपमान होतो, म्हणून लाकडी चौकटीला दोऱ्याने ओल्या फडक्याची चिंधी बांधलेली असे. टॅब्लेट म्हणजे तीच पाटी, केवळ चिंधीवाचून पुसली जाणारी.

ही उपमा माझ्या कल्पनेची भरारी आहे, असे समजू नये. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच मुळी लिहिण्याची फळी असा आहे. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने एक निबंध लिहून पुस्तकाएवढ्या, कोठेही नेता येईल अशा संगणकाची कल्पना मांडली होती, आणि ती प्रामुख्याने मांडली होती लहान मुलांसाठी. म्हणजे या यंत्राचे मूळ कचेरीत नाही, शाळेत आहे. पुढे २००७ साली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने आपला नवा फोन दाखविताना लेखणीची चक्क टर उडविली. देवाने दहा बोटे दिली असता वेगळी लेखणी हवी कोणाला, असा त्याचा रोख होता. २०१० मध्ये त्याचा आयपॅड आला तो बोटावरच चालणारा. आणि त्याच कंपनीने २०१५ साली, त्याच्या पश्चात, आयपॅडसाठी लेखणी विकावयास काढली. बोट कितीही सरावाचे असले तरी त्याला टोक नसते, हे अखेर तिलाही पटले असावे.

त्या वर्षी दसऱ्याला शिलाँगभर दुर्गापूजेचे ढोल वाजत होते. पत्नी पुण्याला, मुलगी बंगळूरला. सरकारी बंगलीत मी एकटाच होतो. पाटीपूजनाला पाटी नव्हती. मी टॅब्लेट चौरंगावर ठेवला आणि लेखणीने त्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, लहानपणी काढीत असू तशी. फूल वाहिले, हळदकुंकू मात्र काचेला लावण्याचा धीर झाला नाही. छायाचित्र पत्नीला पाठविले. तिचे उत्तर आले : "सरस्वती उजवीकडे कलली आहे."

आता कागाळीकडे वळतो. लांबलचक कोष्टके या पाटीवर सोसत नाहीत. चाळीस रकान्यांचा तक्ता बोटाने सरकवू लागलो की पहिला रकाना नजरेआड होतो आणि आकडा कोणत्या नावाचा तेच उमगत नाही. काचेवरचा कळफलक अर्धा पडदा गिळून बसतो. आमची ई-ऑफिसची सही एका लहानशा किल्लीवजा वस्तूत बंदिस्त असते, ती लॅपटॉपच्या खोबणीत बसते. टॅब्लेटला तशी खोबण नव्हती, म्हणून दर वेळी भ्रमणध्वनीवर येणारा सहा आकडी संकेत टिपून सही करावी लागे. या अडचणी बाजारात जाऊन सुटतात. वेगळा कळफलक मिळतो, जोडखोबण मिळते. आणि सारे जोडून झाल्यावर आपण लॅपटॉपच पुन्हा विकत घेतला, फक्त तुकड्या-तुकड्यांनी, हेही कळते.

मला जी अडचण नडली ती बाजारात सुटणारी नव्हती.

जुन्या कागदी फाइलीत डाव्या अंगाला हिरवे टिपण आणि उजव्या अंगाला पत्रव्यवहार अशी मांडणी असे, आणि ई-ऑफिसची रचना करणाऱ्यांनी ती शहाणपणाने तशीच राखली आहे. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजू एकदम दिसतात. टॅब्लेट उभा धरला की दोहोंपैकी एकच बाजू वाचण्याजोगी उरते. दुसरी पाहायची तर मुद्दाम जावे लागते, आणि मुद्दाम जाण्याचा कंटाळा हा तर आम्हा अधिकाऱ्यांचा स्थायीभाव!

डिसेंबरात पुतणीच्या लग्नासाठी साताऱ्याला निघालो. गुवाहाटीच्या विमानतळावर धुके पडले आणि विमान चार तास लांबले. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, पाटी उघडली आणि तुंबलेल्या फाइली उपसावयास घेतल्या. एकतीस फाइली मी त्या बैठकीत हातावेगळ्या केल्या. (हातावेगळ्या हा शब्द त्या दिवशी फार नेमका होता.) त्यांतली एक आमच्या कचेरीच्या एका मृत चालकाच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाची. टिपणात त्याचे नाव होते, त्याच्या पत्नीचे नाव होते, आणि दोघांची आडनावे निरनिराळी होती. मी बोटाने चार शब्द उमटविले : नावे जुळत नाहीत, खुलासा घ्यावा. संकेत टिपला, सही केली, फाइल खाली सोडली. स्वतःच्या दक्षतेचे किंचित कौतुकही वाटले.

खासी समाजात मुले आईच्या कुळाचे नाव लावतात आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. शिलाँगमध्ये चार दिवस राहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. मलाही ठाऊक होते! परंतु ऐकीव ज्ञान एकीकडे असते आणि बोट दुसरीकडे. शिवाय फाइलीच्या चौदाव्या पानावर प्रतिज्ञापत्र होते, त्यापुढे ग्रामप्रमुखाचा दाखला होता. ती पाने मी उघडलीच नाहीत. आणि तेथे दुसरीही एक गोष्ट घडली, जिचा मी पुढे पुष्कळ विचार केला. काचेवर लिहिणे त्रासाचे असल्यामुळे शेरा आखूड झाला. लॅपटॉपवर मी सात-आठ ओळी लिहिल्या असत्या. शंका का आली ते लिहिताना आधारासाठी पाने उलटावी लागली असती, आणि उलटता उलटता शंका आपोआप विरली असती. लिहिण्याचे कष्ट वाचले तेवढा विचारही वाचला.

लग्न यथासांग पार पडले. जावईबापूंनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नाव लिहिले. नाव बदलावयाचे नाही असे मुलीने आधीच बजावले होते. तेव्हा हौसेखातर तिचे जुनेच नाव लिहिले गेले आणि त्यावर पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. शिलाँगच्या फाइलीची आठवण मला तेथेही झाली नाही.

जानेवारीच्या अखेरीस ती बाई जोवाईहून साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास करून कचेरीत आली. माझा शेरा एकेक पायरी उतरत गेला होता. प्रत्येक टेबलाने त्यावर 'खुलासा सादर करावा' अशी आपली मोहोर उठविली होती, आणि शेवटी तिला पत्र गेले होते. तिच्याबरोबर आमच्या आस्थापना शाखेच्या प्रमुख बाई होत्या. त्यांना सारी कचेरी 'काँग' म्हणते. काँग म्हणजे थोरली बहीण, वडीलधाऱ्या स्त्रीचे ते आदराचे संबोधन. ती बाई खासीत काही बोलली. काँगनी क्षणभर खाली पाहिले आणि मग भाषांतर केले, "ती विचारते आहे, त्याची बायको होती असे ठरायला आता तिने नाव बदलायला हवे का?"

मला एकदम माझी आई दिसली. वडील गेले २००९ साली. त्यांच्या सेवापुस्तकात आईचे सासरचे नाव होते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. आमच्यात तर आडनावच काय, लग्नात मुलीचे पाळण्यातले नावदेखील बदलून टाकीत. कोणा अधिकाऱ्याने शेरा मारला होता की नावे जुळत नाहीत. त्या एका शेऱ्यापायी मी तीन वेळा रजा घेऊन तहसिलीत उभा राहिलो होतो, प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक घेतला होता, आणि त्या अनामिक अधिकाऱ्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. आई मात्र एवढेच म्हणाली होती, "अरे, दोन्ही मीच की!"

त्या दिवशी मी मेजावरचा जुना संगणक सुरू करविला, फाइल मागवून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून सव्वा पानाचे टिपण लिहिले. चूक माझी होती हेही लिहिले. तशी पद्धत नाही, असे एका सहकाऱ्याने मला हळूच सुचविले. आदेश चौथ्या दिवशी निघाला. परंतु त्या सव्वा महिन्यात त्या घराने काय केले असेल, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

मग मी काँगना विचारले, "तुम्हाला शेरा दिसला तेव्हा सांगितले का नाही?" त्या म्हणाल्या, "साहेब, पूर्वी फाइल घेऊन आम्ही तुमच्या मेजाशी उभे असू. तुमची लेखणी अडखळली की सांगता येई. आता फाइल रात्री येते, तीही वरून सही होऊन. मग कोणाला सांगायचे?"

यावर मला उत्तर सुचले नाही. टॅब्लेट मी टाकून दिलेला नाही, दौऱ्यावर तोच नेतो. वाचणे, समासात लिहिणे, नकाशे पाहणे यांसाठी त्यासारखा सोबती नाही. फक्त ज्या फाइलीच्या टोकाला एखादे घर आहे, तिच्यावर मी प्रवासात सही करीत नाही. तसल्या फाइली सोमवारी सकाळी रुंद पडद्यावर उघडतो आणि काँग शेजारची खुर्ची ओढून बसतात. उभे राहू नये, एवढी सुधारणा मी केली आहे.

परवा अशीच एक फाइल संपल्यावर त्यांनी चष्मा पुसत विचारले, तुमच्यात लग्नाच्या दिवशी मुलीचे नावच बदलतात हे खरे का? मी पाटी पुढे ओढली आणि लेखणीने आईची दोन्ही नावे एकाखाली एक लिहून दाखविली. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहिले आणि विचारले, "यांतले तिला हाक मारायचे कोणते?"

मी वरच्या नावावर बोट ठेवले, आणि काच सरकून पुढचे कोरे पान आले.