एक घर, दोन मीटर

विजेने आपल्या घरांत प्रवेश केला तो दिव्याच्या निमित्ताने. पुढे पंखा आला, पाण्याचा पंप आला, मिक्सर आला. परंतु भिंतीतून गेलेल्या तांब्याच्या तारेकडे उजेड आणि बळ यांपलीकडे आपण काही मागितले नाही. त्याच तारेकडून निरोप्याचेही काम करून घेता येते, ही गोष्ट पुष्कळांना अद्याप नवलाची वाटते. वस्तुतः ती नवी नाही. उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून एका वीज-उपकेंद्राने दुसऱ्याशी बोलण्याची व्यवस्था कित्येक दशकांची जुनी आहे. उपकेंद्राच्या आवारात वाहिनीला टांगलेले पिंपाएवढे वेटोळे दिसते, ते हा निरोप आडवाटेला जाऊ नये म्हणूनच असते. घरगुती उपयोगासाठी याच कल्पनेचे ‘होमप्लग’ नावाचे प्रमाण 2001 साली ठरले, आणि 2010 साली ‘आयईईई 1901’ हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

तत्त्व सोपे आहे. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांनी वाहते. निरोपाच्या लहरी सेकंदाला सुमारे 20 लक्ष ते 3 कोटी आवर्तनांच्या असतात. जात्याची घरघर चालू असताना ओवी जशी वेगळी ऐकू येते, तशा या लहरी यंत्राला विजेपासून वेगळ्या ओळखू येतात. इंटरनेटच्या राउटरजवळ सॉकेटात एक लहानसा ॲडॅप्टर लावावा आणि दूरच्या खोलीत त्याचा जोडीदार. मधली तार भिंतीत आधीपासून आहेच. नऊ इंची भिंती आणि सळ्यांचा स्लॅब यांपुढे वायफाय जेथे हात टेकते, तेथे हा उपाय कामी येतो.

आम्हांला या विषयाच्या वाटेला जावे लागले ते आईमुळे. चलथाणचे आमचे घर वडिलांनी बांधलेले. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने खानदेशातून इकडे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली. खाली थोरले बंधू, वर आम्ही. चुली दोन, मीटर दोन, आणि आतल्या जिन्याच्या दाराला खालून कडी. भांडण म्हणावे असे काही नव्हते. परंतु बोलणे सणावारापुरते उरले होते. आई बंधूंकडे असे.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि तिचा पलंग खालच्या मागच्या खोलीत गेला. तिची धाकटी बहीण अमळनेरला. दोघींनी ऐंशी ओलांडलेली. गाडी थेट असली तरी प्रवास आता दोघींनाही अशक्य. बहिणीचे तोंड पाहावे, अहिराणीत चार शब्द बोलावे, एवढीच आईची मागणी होती. त्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, बंधूंकडे इंटरनेट नाही, आणि आमचे वायफाय स्लॅब ओलांडीत नाही. म्हणून आम्ही ॲडॅप्टरांची जोडी आणली. वरच्या मजल्यावर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट चालली. खाली आईच्या उशाशी लावताच मात्र तिचा दिवा लाल झाला, तो हिरवा होईना.

कारण आमच्या वायरमनने उलगडून सांगितले. रस्त्यावरून तीन फेज जातात. भार सारखा वाटला जावा म्हणून एकफेजी जोडण्या त्यांवर विभागून दिलेल्या असतात. आमचे दोन मीटर एकाच फळीवर शेजारी शेजारी असले, तरी दोघांची फेज निराळी होती. एकाच मीटरवर तिन्ही फेज असलेल्या घरात तारा एकाच बोर्डात आणि पाइपात शेजारी असतात. तेथे या जलद लहरी एका तारेवरून दुसरीवर थोड्याफार ओघळतात आणि मंद का होईना, काम होते. तेवढ्याने भागले नाही तर जाणत्या वायरमनकडून बोर्डावर ‘फेज कपलर’ बसवून घेता येतो. त्यातील कपॅसिटर जलद लहरींना वाट देतो आणि 50 आवर्तनांच्या विजेला जवळजवळ अडवून धरतो. परंतु दोन स्वतंत्र मीटरांच्या तारा घरातल्या घरात जोडणे हे नियमबाह्य आहे आणि जिवाशी खेळ आहे. त्या वाटेचा विचारही करू नये.

मग उपाय कोणता? वायरमन म्हणाला, “इंटरनेटची केबल खाली उतरवा. तिच्यात घरची वीज नसते, मीटरशी तिचा संबंध नाही.” अशी केबल 100 मीटरपर्यंत चालते, आम्हांला पंधराही पुरणार होती. वाट एकच होती, जिन्याच्या दाराची. आम्ही बाहेरून जाऊन बंधूंना विचारले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कडी काढली, अडगळीतून वडिलांचे गिरमीट शोधून आणले आणि चौकटीला स्वतः भोक पाडले.

केबल खालच्या दिवाणखान्यात उतरली. तेथून आईच्या खोलीपर्यंतचे काम ॲडॅप्टरांच्या जोडीने बंधूंच्याच तारांवरून केले. आता दोन्ही टोके एका मीटरवर, एका फेजवर होती. डब्यावर वेग 600 मेगाबिट लिहिलेला. हाती आला चाळीसच्या आसपास. दोन बहिणींच्या भेटीला तो भरपूर झाला. ही यंत्रे चार-सहा वॅट वीज खातात. तिचे पैसे आम्ही देऊ, असे आम्ही म्हणताच बंधू म्हणाले, “आई काय एकट्या तुझी आहे?” पुष्कळ वर्षांनी ते आमच्यावर रागावले, आणि आम्हांला बरे वाटले.

हा उपाय करू इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ॲडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावा. विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डातील फिल्टर त्याच्या लहरी गिळून टाकतो. मोबाइलचे हलके चार्जर, मिक्सर आणि इन्व्हर्टर गोंगाट करतात. त्यांच्यापासून तो दूर असावा. मीटर ही पक्की भिंत नव्हे. फेज एक असेल तर लहरी शेजाऱ्याकडेही पोहोचू शकतात. म्हणून जोडीवरचे बटण दाबून तिची खाजगी किल्ली ठरवून घ्यावी.

आई आणि मावशी रोज सायंकाळी बोलतात. निम्मा वेळ दोघी एकमेकींना जेवण झाले का एवढेच विचारतात. केबल चौकटीतल्या भोकातून गेल्यामुळे जिन्याचे दार पूर्वीसारखे लागते, कडीही बसते. ती अद्याप कोणी लावलेली नाही.