पुंगळी उशिरा बोलते

ॲरिझोनात फिनिक्सच्या बाहेर आमच्या शेजारी राहणारे निवृत्त मशिनिस्ट रायफलची काडतुसं घरीच भरतात. गॅरेजमधल्या बाकावर हातानं ओढायचा प्रेस, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा तराजू (एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम) आणि प्रत्येक भरणीची नोंद असलेल्या वह्या. अमेरिकेत हा छंद सर्रास चालतो. माझं लहानपण खडकीत गेलं, दारूगोळा कारखान्याच्या शेजारी. काडतूस ही सरकारनं कुंपणाआड बनवायची वस्तू, हीच माझी समजूत. भारतात परवान्याशिवाय ते बनवणं 1959च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाच आहे.

त्यांची रायफल ‘थर्टी-ऑट-सिक्स ॲक्ली इम्प्रूव्हड’ची. पार्कर ॲक्ली या बंदूककारानं नेहमीच्या पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळकांडीचा) उतार कमी करून तिचे खांदे 40 अंशांवर आणले, म्हणजे आत थोडी जास्त दारू मावते. याच ॲक्लीनं जुन्या लष्करी रायफली मुद्दाम दाब वाढवत नेऊन फोडून पाहिल्या होत्या, आणि त्यात जपानी अरिसाका सर्वांत चिवट निघाली. अशा प्रायोगिक काडतुसांची अडचण एकच: छापील आकडे थोडे. मग भरणारा माणूस रिकाम्या पुंगळीचा तळ वाचू लागतो.

आमचे शेजारीही वाचत. तळातल्या टोपीच्या (प्रायमरच्या) कडेचा गोलवा गेला का, पिनच्या खळग्याभोवती पितळ वर आलं का, बोल्ट उचलताना हाताला जड लागला का. त्या दिवशी मैदानावर ते दारू थोडी थोडी वाढवत गोळ्या झाडत होते. टोप्या गोल होत्या. वेग मोजणारं यंत्र मात्र त्या लांबीच्या नळीला शोभणार नाहीत इतके मोठे आकडे दाखवत होतं. “टोपी ठीक आहे,” म्हणत त्यांनी पुढचं काडतूस घातलं. बार झाला, आणि बोल्ट उघडेना. तळहातानं ठोकून उघडला तेव्हा पुंगळीच्या तळावरच्या अक्षरांवर एक चकचकीत गोल ठसा होता: इजेक्टरच्या भोकात पितळ शिरलं होतं. घरी येऊन त्यांनी जुनी टोपी काढून नवी बसवून पाहिली. ती अंगठ्यानं आत गेली, इतका तिचा खळगा सैल झाला होता.

असं का होतं? बार होताच पुंगळी फुगून चेंबरला चिकटते. दाब ओसरल्यावर पोलाद आणि पितळ दोन्ही आत येतात. दाब बेताचा असेल तर पुंगळी सुटते. तो फार वाढला की पितळ कायमचं ताणलं जातं, पोलाद मागे येऊन त्याला आवळतं, आणि बोल्ट जड होतो. थर्टी-ऑट-सिक्ससाठी अमेरिकी उद्योगसंस्था ‘सामी’नं ठरवलेली मर्यादा प्रति चौरस इंच 60,000 पौंड आहे. या खुणा बहुधा त्याच्या पुढेच दिसतात. थर्टी-थर्टीसारख्या जुन्या काडतुसाची मर्यादा तर 42,000. तिथे पितळ गप्प असतं आणि त्या बंदुकीच्या बोल्टवर मात्र आधीच अतिरिक्त ताण आलेला असतो. टोपीचं तर काही खरंच नाही. ती मऊ असली, किंवा चेंबरमध्ये पुंगळी सैल बसत असली, तरी चपटी होते; टणक असली तर धोक्याच्या दाबातही गोल राहते.

पुंगळी पितळाबद्दल बोलते, पोलादाबद्दल नाही. अमेरिकी लष्कराच्या 1903च्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे भाग एके काळी तापवून कडक करताना कारागीर रंगावरून तापमान ठरवत. 1917मध्ये काही रायफली फुटल्या. मग पायरोमीटर लावून पाहिलं, तर लख्ख उन्हाच्या दिवशी ‘बरोबर’ वाटलेलं तापमान ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त निघालं. जळून ठिसूळ झालेलं पोलाद! शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचरनं हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8 लाखांखालच्या क्रमांकाच्या रायफली झाडू नयेत, असा सल्ला आजही जाणकार देतात.

शिवाय ॲरिझोनाचं ऊन. उघड्या बाकावर तापलेलं काडतूस, विशेषतः नायट्रोग्लिसरीन असलेल्या दारूचं, सकाळच्या थंड काडतुसापेक्षा जास्त दाब देऊ शकतं. आता शेजारी काडतुसं सावलीत डब्यात ठेवतात आणि नोंदीत तापमानही लिहितात.

त्या दिवशीची उरलेली काडतुसं त्यांनी एकेक करून उकलली. नव्या नियमात पहिला मान वेगाच्या आकड्याला: तो अपेक्षेपुढे गेला की टोपी कशीही दिसो, भरणी तिथेच थांबते. मला हे त्यांच्या आधीच्या वाचनापेक्षा शंभर पटीनं पटतं.

परदेशातल्या कुणा मराठी वाचकाला हा छंद जडलाच, तर एवढं करा: ताज्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या भरणीपासून चढा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असू द्या. आणि बोल्ट जड लागला, तर पुढचं काडतूस घालू नका.