फोडलेली अंडी

हॅच पडला की ब्रीडर फार्मच्या मालकाचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, फीडमध्ये काय वाढवू?’ उत्तर द्यायला माझ्याआधी तिथे दोघं-तिघं बसून गेलेले असतात. कुणी सेलेनियम, कुणी कार्निटीन, कुणी ‘फर्टिलिटी बूस्टर’. त्यातल्या काही पुड्या खरंच काम करतात. पण कोणती पुडी हे फोनवर ठरत नाही. कॅन्डलिंगला बाद झालेली अंडी फोडावी लागतात.

टॉर्चवर कोरं दिसलेलं प्रत्येक अंडं इन्फर्टाइल नसतं. फोडल्यावर बलकावर नुसता बारीक पांढरा ठिपका असेल, तर नर कमी पडला. पसरलेला पापुद्रा किंवा रक्ताचं कडं दिसलं, तर जीव धरला होता आणि पहिल्याच दिवसांत गेला. त्या अंड्यांचं दुखणं बहुतेकदा साठवणीत, वाहतुकीत असतं. ते फीडमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

नर कमी पडला असेल, तर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचं नाव निघणं रास्त आहे. कोंबड्याच्या शुक्राणूंच्या आवरणात पटकन खवट होणारी चरबी भरपूर असते आणि हे दोघं तिची राखण करतात. तरी मी आधी नर उचलून पाहतो. वजन, तळपाय, छाती. जाड झालेला नर मादीवर चढतच नाही, मग त्याचं वीर्य कितीही चांगलं असो. फीडरची ग्रिल सैल असली की नर माद्यांचं, तीन टक्के कॅल्शियमचं खाद्य चापतात. ग्रिल बदलणं हे कुठल्याही पुडीपेक्षा स्वस्त, पण ते कुणी विकायला येत नाही.

उबवणीच्या मधल्या आठवड्यातली मर मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. एरवी या दिवसांत फार कमी पिल्लं मरतात. ती मर वाढली आणि मेलेल्या पिल्लांची लव गाठाळलेली, गुंडाळल्यासारखी दिसली, की संशय रायबोफ्लेविनवर. फसवं असं की कोंबडी ठणठणीत असते, अंड्यांचा टक्काही जागेवर असतो. बलक ही पिल्लाची एकवीस दिवसांची शिदोरी. आईने बांधताना जे राहिलं, ते पुढे वाटेत मिळत नाही.

हा बलक भरायला दहाएक दिवस लागतात. नराचं वीर्य तयार व्हायला साधारण दोन आठवडे. त्यात अंडी साठवण्याचे काही दिवस आणि सेटर-हॅचरचे 21. आज मिक्सरमध्ये टाकलेल्याचा जाब महिन्यानंतरच मिळतो. मालक मात्र आठव्या दिवशी पुडी बदलतात आणि पुढे हॅच सुधारला की श्रेय शेवटच्या पुडीला जातं.

सेलेनियमची तर गंमतच आहे. 1930च्या दशकात अमेरिकेच्या साउथ डकोटात काही जमिनींवरचं धान्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत वेडीवाकडी पिल्लं मरत होती. कारण निघालं सेलेनियम. ते शरीराला लागतंही, हे 1957मध्ये कळलं. आज आपण टनाला जेमतेम 300 मिलिग्रॅम देतो. किलोला पाच-दहा मिलिग्रॅम गेलं की तीच वेडीवाकडी पिल्लं. म्हणून फीड मिलवरच्या मामांना मी सतावतो: आधी थोड्या मक्याच्या भरड्यात नीट कालवा, मग मिक्सरला लावा. कोलीन क्लोराइड व्हिटॅमिनच्या प्रीमिक्समध्ये घालून ठेवू नका, ते ओल धरतं आणि व्हिटॅमिन मारतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत पडलेल्या पोत्यावरचं लेबल वाचण्यात काही हशील नाही.

मक्याचंही तसंच. परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्त मिळतो आणि वर ‘टॉक्सिन बाइंडर आहे ना’ हा दिलासा. मातीचे बाइंडर अफलाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतात, टी-टूसारख्या विषापुढे फारसे चालत नाहीत. बुरशीचा मका परत पाठवा म्हटलं की मालकांचा चेहरा उतरतो.

एवढं सगळं बघून पुडी द्यायची ठरलीच, तर एकाच वयाच्या दोन शेडपैकी एकालाच द्या, असं मी सांगतो. मालक म्हणतात, ‘दुसऱ्या शेडने काय पाप केलं?’ यावर आमचं दरवेळी वाजतं. मी अडून बसतो, कारण त्या दुसऱ्या शेडशिवाय हॅचरीचा आकडा मला काहीच सांगत नाही.